मधला दोरा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, टाचण्यांचा. माझ्या अंगावर समुद्राचा आणि किनाऱ्याचा एक मोठा नकाशा चिकटवलेला आहे. त्यावर इतकी भोकं आहेत, की नवीन माणूस मला पाहून विचारतो, "याला वाळवी लागलीय का?" वाळवी लागलेली नाही. ती सगळी येऊन गेलेली वादळं आहेत.

पहिली टाचणी टोचली तेव्हा मला दुखलं होतं, एवढं आठवतं. किती दुखलं ते आता आठवत नाही. शेकड्याने टाचण्या झाल्यावर दुखणं कमी झालं आणि पुढे कधीतरी थांबलंच. त्यामुळे माझ्या गोष्टीत रडणं-ओरडणं फारसं सापडणार नाही. जे पाहिलं ते सांगतो. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एका शाळेने त्याला भूगोलाच्या वर्गासाठी भिंतभर फळा करायला सांगितला होता. त्याने जाड फळ्या जोडल्या, वर बुचाचे तुकडे डकवले, कडेने चौकट ठोकली आणि स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली. वर्गाची भिंत त्याने दोनदा मोजली होती. वर्गाचं दार मात्र एकदाही मोजलं नव्हतं. मला आडवं घातलं, उभं घातलं, तिरकं घातलं. मी काही आत शिरलो नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "परत न्या." सुतार म्हणाला, "फळा बरोबर आहे, तुमचं दार चुकलंय." दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी भूगोलाच्या बाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "भांडू नका, मी घेते."

अशा रीतीने मी नको असलेला फळा म्हणून आयुष्याला सुरुवात केली. बाईंच्या ओळखीच्या एका घड्याळजींचं बाजारात दुकान होतं आणि दुकानावर एक रिकामी खोली होती. जिन्यातूनही मी वर जाईना, तेव्हा मला दोर बांधून खिडकीतून आत ओढलं. खाली माणसं जमली होती. कुणी म्हणालं, "पियानो आहे का?" घड्याळजी खिडकीतून ओरडले, "पियानो असता तर दोन पैसे तरी मिळाले असते!"

नकाशा बाईंनी स्वतः चिकटवला. ऐन समुद्रात एका जागी हवा अडकून कागदाला फुगा आला, तो काही केल्या बसेना. त्यावरून तिथे नेहमी येणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, "राहू द्या बाई, हा आपला कायमचा कमी दाबाचा पट्टा." तो फुगा अजून आहे.

बाई, घड्याळजी आणि डॉक्टर, हे तिघं मिळून आमचं मंडळ. तिघांनाही वादळांचं वेड. बाजारातले लोक म्हणत, या तिघांना वाऱ्याचीच बाधा झाली आहे. मोसम सुरू झाला की खोलीतला रेडिओ लागे. हवामान खात्याचा माणूस सावकाश अक्षांश-रेखांश सांगे, बाई ते म्हणून दाखवत आणि नेमक्या जागी पिवळी टाचणी टोचत. वादळाला मंडळात वादळ म्हणत नसत. त्याला म्हणत पाहुणा. "पाहुणा निघाला का?" "पाहुणा अजून तिकडेच रेंगाळतोय." "आज पाहुण्याचा डोळा उघडला." असं सगळं चाले.

पाहुणा किनाऱ्याकडे निघाला की खरी मजा सुरू होई. तो कुठे उतरणार याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या रंगाच्या दोऱ्याने दाखवायचा. बाईंचा लाल, घड्याळजींचा निळा, डॉक्टरांचा हिरवा. शेवटच्या पिवळ्या टाचणीला दोऱ्याचं एक टोक बांधायचं आणि दुसरं किनाऱ्यावर, आपल्याला वाटेल तिथे. ज्याचा दोरा सगळ्यात जास्त चुके, त्याने पुढचा आठवडाभर सगळ्यांचा चहा करायचा. डॉक्टरांचा चहा इतका पांचट असे, की बाकीचे दोघं त्यांचा दोरा बरोबर यावा अशी मनापासून इच्छा करत.

एका वर्षी मात्र मजेचं भांडण झालं. बाई म्हणाल्या पूर्वेचा वारा, घड्याळजी म्हणाले दक्षिणेचा, आणि शब्दाने शब्द वाढून घड्याळजींनी वर येणंच बंद केलं. खोली त्यांची स्वतःची होती. भाडंही कोणी देत नव्हतं. तरी ते खाली दुकानात बसून वरच्या पावलांचे आवाज ऐकत राहिले. अखेर डॉक्टरांनी तोडगा काढला. तिन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये एक काळा दोरा बांधायचा. तो मंडळाचा दोरा. खोलीत कितीही भांडा, पण खोलीबाहेर मंडळाचं म्हणणं एकच, काळ्या दोऱ्याचं. आणि एकदा तो बांधला की दुसऱ्या दिवशी सकाळचं बातमीपत्र येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोघांनाही हे पटलं. घड्याळजी वर आले आणि त्यांनीच सगळ्यांचा चहा केला.

मित्रांनो, गंमत अशी, की काळा दोरा एकेकट्याच्या दोऱ्यापेक्षा पुष्कळदा बरोबर येऊ लागला. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघे. बाजारात ही गोष्ट पसरली. भाजीवाली मालाची गाडी मागवण्याआधी विचारी, "काळा दोरा कुठे हो?" छपरं शाकारणारा कामगार खालूनच हाक मारी. एकदा वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. तिघं माझ्यासमोर उभे राहून हसले आणि त्यांच्या मागे मी अर्धाच आलो. तो फोटो घड्याळजींनी काचेत घालून दुकानात लावला. त्या दिवसांत मला बरं वाटत असावं.

आता बाईंच्या भावाबद्दल सांगायला हवं. तो खाडीच्या तोंडाशी राहायचा आणि खाडीवर तर चालवायचा, म्हणजे माणसांना आणि सायकलींना होडीतून या काठाचं त्या काठाला न्यायचा. गावात सगळे त्याला भाऊच म्हणत. त्याचं घर पाण्यापासून चार पावलांवर, बैठं. नकाशावर बाईंनी तिथे पेन्सिलने एक बारीक ठिपका काढला होता. इंजिनाच्या आवाजात बोलून बोलून भाऊला ओरडून बोलायची सवय लागली होती, त्यामुळे त्याचा फोन आला की बाई रिसीव्हर कानापासून लांब धरत आणि सगळ्या खोलीला ऐकू येई.

"ताई! तुझा पाहुणा माझ्याकडे जेवायला येतोय का?"

"या खेपेला नाही. दुसरीकडे आमंत्रण आहे त्याला."

असं ते बोलत. भाऊचा रेडिओवर विश्वास नव्हता. खातं अख्ख्या किनाऱ्यालाच उठवतं, असं त्याचं म्हणणं. बहिणीने ऊठ म्हटलं तर मात्र तो उठे.

आणि बहीण ऊठ म्हणत असे. तीन वेगवेगळ्या मोसमांत बाईंच्या आग्रहाने मंडळाचा दोरा खाडीजवळ आला आणि बाईंनी भावाला निरोप दिला. तिन्ही वेळा भाऊ आणि भावजय गाठोडी बांधून, कोंबड्या टोपलीत घालून बाईंच्या घरी आले. तिन्ही वेळा पाहुणा भलतीकडेच गेला. खाडीवर नुसतं आभाळ आलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी तर घर बंद असताना कोणीतरी होडीचं इंजिन उचलून नेलं. त्यानंतर भावजयीने फोन आपल्या हातात घेतला आणि हसत, पण ठासून सांगितलं, "वन्सं, आता वादळाने स्वतः येऊन दार वाजवल्याशिवाय मी काही उठायची नाही." बाईही हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

मंडळाला चिडवायला नवीन विषय मिळाला. बाईंनी लाल दोरा हातात घेतला की डॉक्टर म्हणत, "बाई, तुमचा दोरा हवामानावर चालतो की माहेरावर?" सगळे हसत. बाईंनाही ते थोडंसं खरं वाटू लागलं होतं. दोरा बांधताना त्या आधी हात मागे घेत, पुन्हा नकाशा पाहत आणि मगच बांधत. पूर्वी त्या असं करत नसत.

मग तो पाहुणा आला.

तो सुरुवातीपासूनच बेभरवशाचा होता. समुद्रात एकाच जागी घुटमळत राहिला, माझ्या एवढ्याशा जागेत टाचण्यांचा पुंजका झाला. मग एकाएकी जोर धरून तो किनाऱ्याकडे निघाला. त्या सकाळी डॉक्टरांनी लॅपटॉप आणला होता. निरनिराळ्या संगणकांनी काढलेल्या वादळाच्या वाटा त्यावर रंगीत रेषांनी दिसत. त्या दिवशी त्या रेषांच्या दोन जुड्या झाल्या होत्या. एक जुडी उत्तरेला दीपगृहाकडे वळत होती, दुसरी दक्षिणेला खाडीच्या तोंडाकडे. मधल्या मिठागरांवर एकही रेष नव्हती.

"समोर जास्त दाब बसलाय," घड्याळजी म्हणाले. डोळ्यावरचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं होतं. "भिंतच समजा. पाहुणा भिंतीच्या या अंगाने जाईल नाही तर त्या अंगाने. भिंतीतून कसा जाईल?"

"ते दिसतंयच," बाई म्हणाल्या. "कुठल्या अंगाने ते बोला."

"उत्तरेने. दाब दक्षिणेकडे सरकतोय."

"सरकत नाहीये, जागेवरच फुगतोय. वरच्या अंगाला फुगतोय. पाहुण्याला वर जायला जागाच नाही. तो खालीच येणार."

"सकाळच्या बातमीपत्रात काय सांगितलं?"

"बातमीपत्रात 'शक्यता' सांगितलीय. शक्यता काय, दोन्हीकडची आहे."

"डॉक्टर, तुम्ही बोला," घड्याळजी म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही जुड्यांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू कुठली दाढ काढायची ते ठरवत होते. "उत्तर," ते म्हणाले आणि त्यांनी हिरवा दोरा दीपगृहापाशी बांधला. निळा दोरा आधीच त्याच्याही वर होता.

बाईंनी लाल दोरा घेतला. हात मागे नेला. पुन्हा पुढे आणला आणि खाडीच्या तोंडाशी, पेन्सिलच्या ठिपक्यावर बांधला.

"झालं! माहेर आलं!" डॉक्टर हसले. घड्याळजीही हसले. मनात वाईट कोणाच्याच नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. बाई रागावल्या नाहीत. उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत उभ्या राहिल्या.

मग घड्याळजींनी पट्टी लावून मध्य काढला आणि काळा दोरा बांधला. तो मिठागरांवर पडला, लॅपटॉपवरच्या दोन जुड्यांमधल्या रिकाम्या जागेत. पाहुणा तिथून जाणार नाही, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. पाच मिनिटांपूर्वी घड्याळजींनीच तसं म्हटलं होतं. पण तो मंडळाचा दोरा होता.

"हा दोरा बरोबर नाही," बाई म्हणाल्या.

"मग नियम बदलू. पण पाहुणा गेल्यावर," घड्याळजी म्हणाले. "मागच्या मोसमात दोरा हलवा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, नियम म्हणजे नियम."

ते खरं होतं.  तेवढ्यात फोन वाजला.

"ताई! खातं बोंबलतंय रेडिओवर!"

"हो रे, ऐकलं."

"ते अख्ख्या किनाऱ्यालाच उठवतात. तुमचा दोरा कुठे ते सांग."

बाई माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचं बोट लाल दोऱ्याच्या टोकावर होतं. त्या बोटाचा दाब मला कळत होता.

"मंडळाचा दोरा मिठागरांवर आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आमच्याकडे नाही."

"पाऊस लागेल. वारा सुटेल. होडी वर ओढून ठेव."

"ती ओढली केव्हाच. निघायला नको ना पण? हिचा गुडघा सुजलाय. बसमध्ये चढवायची तर दोघं-तिघं लागतील."

बाईंनी पुन्हा पेन्सिलच्या ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंडळ नको म्हणतंय."

"मग झालं तर!"

मागून भावजयीचा आवाज आला. ती हसत होती. "बघा, या वेळी वन्संनी शहाणपणा केला." मग फोन ठेवल्याचा खटका ऐकू आला. बाईंनी मात्र रिसीव्हर तसाच हातात धरला होता. डॉक्टरांनी तो त्यांच्या हातातून काढून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. रेडिओवरच्या माणसाने त्याच सावकाश आवाजात अक्षांश-रेखांश सांगितले. बाईंनी टाचणी टोचली. टाचणी कालच्यापेक्षा खाली होती, म्हणजे दक्षिणेला. पाहुणा वळला होता. बाईंनी लगेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजलीच नाही. नुसता एक लांबलचक आवाज येत राहिला. त्यांनी पुन्हा लावला. घड्याळजी आले, डॉक्टर आले, तरी त्या लावतच होत्या. डॉक्टर गाडी घेऊन निघाले आणि थोड्या वेळाने परत आले. पुलावर अडथळे लावून रस्ता बंद केला होता. दुपारी पाहुणा उतरला. आमच्या गावात काही पत्रे उडाले आणि दुकानाची पाटी पडली, बाकी काही झालं नाही. बाई दिवसभर नंबर फिरवत होत्या. घड्याळजींनी एकदा म्हटलं, "बाई, बस करा आता." त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही.

पुढचं मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. ते घड्याळजींना सांगत होते आणि मी तिथेच होतो. पाणी घरात शिरलं तेव्हा भाऊने बायकोला माळ्यावर चढवायचा प्रयत्न केला. गुडघ्यामुळे तिला चढता येईना. तो वरून ओढत होता. एवढं सांगून डॉक्टर थांबले आणि घड्याळजींनीही पुढे विचारलं नाही. भाऊ वाचला.

मित्रांनो, मला त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही वाटलं नाही. पेन्सिलच्या ठिपक्यावर टाचणी होती आणि टाचणीला दोरा होता, एवढंच मला समजत होतं.

घड्याळजींना माझ्यावरचे दोरे सोडवण्याचा धीर झाला नाही. त्यांनी मला तसंच फिरवलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. त्यानंतर माझ्यासमोर फक्त भिंत होती. रेडिओ बंद झाला. खाली कोणी काळा दोरा विचारला, तर घड्याळजी म्हणत, "मंडळ बंद आहे." माझ्या पाठीवर हळूहळू धूळ बसली, कोळ्याने एका कोपऱ्यात घर केलं, आणि ओल लागून चौकटीचा एक सांधा सुटला. सगळ्या जुन्या वस्तूंचं होतं तसंच माझं झालं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

पुढच्या मोसमाच्या तोंडाशी जिन्यावर पावलं वाजली. घड्याळजींची, डॉक्टरांची, बाईंची आणि एका नव्या माणसाची. भाऊ आता बहिणीकडेच राहत होता, हे मला घड्याळजींच्या बोलण्यातून कळलं होतं. त्याला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. तो बोलला तेव्हा मला ओळखूच आला नाही. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता.

"फळा बघायचाय," तो म्हणाला.

"आता कशाला?" घड्याळजी म्हणाले.

"बघायचाय."

घड्याळजी आणि डॉक्टर यांनी मिळून मला फिरवलं. उजेड आला. भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो ठेंगणा आणि रुंद होता. धुळीने भरलेले चारही दोरे जागच्या जागी होते. त्याने बोटाने किनारा शोधत शोधत खाडीचं तोंड गाठलं.

"हे आमचं घर?"

"हो," बाई म्हणाल्या.

"लाल दोरा कोणाचा?"

घड्याळजी भिंग पुसू लागले. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

"माझा," बाई म्हणाल्या.

"त्याच दिवशीचा?"

"त्याच दिवशीचा."

"तू मला मिठागरं म्हणालीस."

"मंडळाचा दोरा तिथे होता."

"मी मंडळाला फोन केला नव्हता, ताई. तुला केला होता."

 खाली बाजारात एक गाडी मागे घेत होते, तिचा आवाज येत होता. मग बाई बोलल्या. त्यांचा आवाज वर्गात धडा सांगावा तसा सरळ होता. "तीनदा तुम्हाला उगाच उठवलं होतं. चौथ्यांदा चुकले तर तू मला विचारायचंच बंद करशील, अशी भीती वाटली मला."

"केलं असतं बंद," भाऊ म्हणाला. "पंधरा दिवस. फार तर महिनाभर. मग तीच म्हणाली असती, वन्संना फोन लावा."

कोणी रडलं नाही. भाऊ खुर्चीवर बसला आणि बाई दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. घड्याळजींनी चहा केला. तो कपातच गार झाला आणि त्यावर साय धरली.

त्यानंतर ते दोघं या विषयावर बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. बाईंनी काळा दोरा सोडवला आणि कचऱ्यात टाकला. बाकीचे दोरेही सोडवले, पण ते झटकून डबीत ठेवले. रेडिओ पुन्हा लागू लागला. भाऊ रोज येऊ लागला. त्याला अक्षांश-रेखांशात रस नव्हता. तो फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहायचा.

पुढचा पाहुणा निघाला तेव्हा तिघांनी आपापले दोरे बांधले. लाल एका बाजूला, निळा दुसऱ्या, हिरवा तिसऱ्या. भाऊने उठून तिन्ही टोकं पाहिली आणि विचारलं, "इथे कोण राहतं? आणि इथे? यांचे फोन आहेत का?" त्याने तिन्ही ठिकाणी फोन लावले. पलीकडच्यांना तो एवढंच सांगे, "आमच्या एका माणसाला भीती वाटतेय की वादळ तुमच्याकडे येईल. बाकीच्या दोघांना तसं वाटत नाही. तुम्ही निघा." लोकांना हे आवडलं नाही. त्यांना एकच उत्तर हवं होतं. भाजीवाली म्हणाली, "पूर्वीचं बरं होतं." छपरं शाकारणारा कामगार आता आमच्याकडे येत नाही. आमचे दोरे चुकतात, आणि आता तिन्ही चुका सगळ्यांना दिसतात.

परवा भाऊने दीपगृहाच्या वस्तीवर फोन लावला. पलीकडची बाई भलतीच तापली. भाऊला आता कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो. मला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही मागेही असंच म्हणालात! पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन शाळेच्या फरशीवर झोपलो आम्ही. साधी झुळूक आली नाही!"

"हो," भाऊ म्हणाला.

"आणि या वेळीही खोटं निघालं तर?"

"तर मला शिव्या द्या. नंबर लिहून घ्या."

त्याने नंबर सांगितला. सावकाश, दोनदा सांगितला. पाहुणा दुसरीकडेच गेला. ती बाई शब्दाला पक्की निघाली. तिने खरंच फोन केला आणि भाऊला मनसोक्त सुनावलं. तो रिसीव्हर कानाशी धरून सरळ बसला होता, मध्ये एकदाही बोलला नाही. ती थकल्यावर त्याने विचारलं, "सगळे घरी पोचलात ना?" ती हो म्हणाली. त्याने फोन ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. बाई माझ्यावरच्या टाचण्या काढत होत्या. त्या क्षणी मला टाचणी निघताना दुखल्यासारखं वाटलं. भास असेल.

मित्रांनो, माझा सांधा कोणी दुरुस्त केला तर बरंच होईल, पण नाही केला तरी मी काही पडत नाही. तुमच्याकडे मागायचं ते वेगळंच आहे. तुमचं माणूस तुम्हाला काही विचारेल, तेव्हा चार जणांत ठरलेलं मधलं उत्तर त्याला देऊ नका. तुम्हाला स्वतःला ज्याची भीती वाटते, ते त्याला सांगा. तुम्ही चुकाल, लोक हसतील, आणि ते माणूसही तुमच्यावर चिडेल. चिडलेल्या माणसाला पुन्हा फोन लावता येतो.